पेढी, पत्ता आणि पत : आभासी कार्यालयाच्या निमित्ताने

व्यापाऱ्याचे नाव कळल्यावर त्याची पेढी कोठे आहे हे विचारण्याची आपल्या बाजारात फार जुनी रीत आहे. पेढी कळली म्हणजे पुष्कळ काही कळते. तो कोणत्या पेठेत बसतो, त्याच्या शेजारी कोण बसतो, माल कोठे उतरतो, दिवाणजी कोण, सकाळी गादीवर कोण भेटेल आणि पैसे मागावयास कोणाच्या दारी जावयाचे, हे सर्व त्या एका उत्तरात येते. पत्ता, माणूस, माल आणि वही या चार गोष्टी एकाच छपराखाली नांदत असत, म्हणूनच ‘पेढी’ या शब्दाला घराण्याच्या नावाइतके वजन आले.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या चार गोष्टी एकमेकींपासून सुट्या होऊ लागल्या आहेत. पत्ता एका शहरात, माणूस दुसऱ्या गावी, माल तिसऱ्याच्याच वखारीत आणि वही कोठल्या तरी संगणकात, ही स्थिती आता नवलाची राहिलेली नाही. यांपैकी पत्ता तेवढा भाड्याने देण्याचा जो व्यवसाय उभा राहिला आहे त्यास इंग्रजीत ‘व्हर्च्युअल ऑफिस’ म्हणतात आणि मराठीत ‘आभासी कार्यालय’. हा मराठी शब्द आम्हास फारसा रुचत नाही. आभास म्हणजे नसलेली वस्तू दिसणे. आणि या कार्यालयाच्या पत्त्यावर येणारी सरकारी नोटीस तर अगदी खरी असते. तथापि शब्द रूढ झाला आहे, तेव्हा आम्हीही तोच वापरतो.

आपल्या संघाच्या तरुण सभासदांपैकी काहींनी अशी कार्यालये घेतली आहेत, काही घेण्याच्या विचारात आहेत, आणि ज्येष्ठांपैकी पुष्कळांस त्याविषयी संशय आहे. दोन्ही पक्षांस उपयोगी पडेल अशी माहिती एकत्र करावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याचे पंडित नव्हेत. जे लिहीत आहोत ते कर सल्लागारांस विचारून आणि चाळीसांहून अधिक वर्षे गादीवर बसून जे कळले त्याच्या आधारे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. मोठ्या शहरातील चांगल्या इमारतीत एखादी कंपनी जागा घेते, ती नीटनेटकी सजविते आणि अनेक व्यापाऱ्यांस त्या जागेचा पत्ता वापरण्याची अनुमती देते. व्यापारी तेथे बसत नाही. वर्षाचे शुल्क भरले म्हणजे त्यास करारपत्र, जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि वीजबिलाची प्रत मिळते. त्याच्या नावे आलेले टपाल स्वीकारून पुढे पाठविले जाते. शुल्क अधिक दिल्यास दूरध्वनीवर त्याच्या पेढीच्या नावाने उत्तर देणारी स्वागतिका मिळते, आणि गिऱ्हाइकाबरोबर बसण्यास तासाच्या हिशेबाने एखादी खोली मिळते. मुंबई-पुण्यास स्वतंत्र गाळा घ्यावयाचा तर एका महिन्यास जे भाडे पडेल, तेवढ्यात येथे पुष्कळदा वर्ष निघते.

हा प्रकार परदेशातून आला. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम तारेवरून माणसाकडे आणावे, ही कल्पना अमेरिकेतील जॅक निलेस यांनी १९७३ मध्ये मांडली आणि तिला नाव दिले. १९७८ मध्ये सिडनी येथे ‘सर्व्हकॉर्प’ आणि १९८९ मध्ये ब्रुसेल्स येथे ‘रीजस’ या कंपन्या निघाल्या; फिरतीवरच्या व्यापाऱ्यांस तयार कार्यालय थोड्या मुदतीसाठी देणे हा त्यांचा धंदा. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात राल्फ ग्रेगरी यांनी ‘व्हर्च्युअल ऑफिस’ याच नावाची कंपनी काढली. त्याच सुमारास लॉस एंजलिस येथील ‘शायट-डे’ या नामांकित जाहिरात कंपनीत एक गमतीचा प्रयोग झाला. कंपनीचे प्रमुख जे शायट यांनी नोकरवर्गाची टेबले व खोल्या काढून टाकल्या. सकाळी येणाऱ्याने संगणक व दूरध्वनी मागून घ्यावा, जागा मिळेल तेथे बसावे आणि आपले सामान एका खणात ठेवावे, असा नियम झाला. काहींनी आपले कागद मोटारीच्या डिकीत ठेवण्यास आरंभ केला. एक बाई तर लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाडीवरून आपले सामान ओढीत हिंडत असे. थोड्याच वर्षांत कंपनीने हा नाद सोडला व माणसांस पुन्हा बसण्याच्या जागा दिल्या. ज्या दिवाणजीची गादीवरची जागा तीस वर्षे बदलली नाही, त्यास ही हकीकत सांगितली असता तो इतकेच म्हणाला, “मग चिठ्ठी द्यायची कोणाला?”

आपल्याकडे ही कल्पना अगदीच नवी म्हणता येईल काय? आमच्या तरुणपणी व्यापारी पत्रावर शिरोभागी ‘तार’ म्हणून एकच शब्द छापलेला असे. तो तारेचा पत्ता. तारेचे शुल्क शब्दागणिक पडत असल्याने लांबलचक पत्ता परवडत नसे. म्हणून तार खात्यात वार्षिक शुल्क भरून एक छोटा शब्द आपल्या नावे नोंदवावयाचा. तो शब्द आणि गाव एवढे लिहिले की तार बिनचूक पेढीवर येई. हिंदुस्थानातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोपर्यंत कित्येक पेढ्यांना आपल्या तारेच्या शब्दाचा अभिमान होता. ज्यांच्याकडे दूरध्वनी नव्हता ते शेजाऱ्याचा क्रमांक ‘पी. पी.’ म्हणून छापीत, आणि शेजारीही हाक मारून बोलावण्याचे काम न कंटाळता करीत. टपाल कचेरीतील पेटी भाड्याने घेणारेही होतेच. शुल्क भरून पत्ता घेणे हे काही आजचे नाही.

परंतु याहून फार मोठी गोष्ट म्हणजे अडत. मुंबईचा घाऊक धान्यबाजार वाशीस जाण्यापूर्वी दाणाबंदरात ज्याची अडत चाले, त्या बेळगावच्या व्यापाऱ्याचे मुंबईत कार्यालय नव्हते आणि त्याला ते नकोही होते. माल गाडीतून उतरवून घेणे, वखारीत लावणे, भाव पाहून विकणे, गिऱ्हाइकाकडून पैसे वसूल करणे, आलेली हुंडी सकारणे, हे सर्व तेथील अडत्या करी आणि आपली अडत कापून घेई. माल ओला निघाला तर तार त्याची येई. गिऱ्हाईक बुडाले तर पुष्कळ ठिकाणी त्याची झळ प्रथम अडत्यास लागे. सांगलीची हळद, लातूरची तूर, ब्याडगीची मिरची, यांच्या खरेदीसाठी आपले वाडवडील प्रत्येक गावी गाळा घेऊन बसले नव्हते. त्या त्या गावी त्यांच्या नावाने बोलणारा एक माणूस होता, आणि बाजार त्या माणसास ओळखत होता.

हुंडीचेही तसेच. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे द्यावयाचे, मुद्दती हुंडीचे मुदत भरल्यावर. शाहजोग हुंडीत तर अट अशी की पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. ज्याची बाजारात ओळख व अब्रू आहे अशा शाहाच्याच हाती ते द्यावयाचे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून देत, तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. कागद शेकडो कोस प्रवास करी. पण प्रत्येक टोकाला तो कागद ओळखणारा आणि त्याचा जबाब देणारा मनुष्य बसलेला असे. कागदावरच्या शाईपेक्षा त्या दोन माणसांवर व्यवहार उभा असे.

आजच्या आभासी कार्यालयाची तुलना या अडतीशी केली म्हणजे भेद स्पष्ट दिसतो. अडत्या पत्ताही देई आणि जबाबही. कार्यालय देणारी कंपनी पत्ता देते, टपाल घेते; व्यापाऱ्याच्या देण्याघेण्याशी आपला संबंध नाही असे कलम तिच्या करारपत्रात बहुधा स्पष्टच असते. यात कंपनीचा दोष काही नाही. ती घरमालकाप्रमाणे आहे. परंतु पलीकडच्या गावचा व्यापारी तो पत्ता वाचतो तेव्हा त्याच्या मनात जुन्या पेढीचेच चित्र उभे राहते, आणि घोटाळ्याचा उगम बहुतेक वेळा येथेच असतो.

आता कायद्याकडे वळू. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. त्याच्या कायद्यात ‘व्यवसायाचे ठिकाण’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत जेथे नेहमी व्यापार चालतो ते ठिकाण येते, वखार व गोदाम येते, जेथे हिशेबाच्या वह्या ठेवतात ते येते, आणि जेथे आपला प्रतिनिधी, मग त्यास कोणत्याही नावाने संबोधा, आपल्यासाठी व्यापार करतो ते ठिकाणही येते. ही व्याख्या आम्हास प्रथम कर सल्लागारांनी वाचून दाखविली तेव्हा गंमत वाटली, कारण कायदा करणाऱ्याने आपली जुनी पेढी आणि जुनी अडत ही दोन्ही त्या एका व्याख्येत बसविली आहेत. भाड्याच्या पत्त्यावर नोंदणी करू नये असे कायदा म्हणत नाही. केरळातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०१८ मध्ये एका प्रकरणात, एकाच सामाईक कार्यालयाच्या जागेवर अनेक पेढ्यांस निरनिराळी नोंदणी मिळू शकते, असा निर्णय दिला. असा निर्णय ज्याने अर्ज केला त्याच्यापुरताच बंधनकारक असतो, तथापि त्यावरून दिशा कळते.

परंतु सवलत येथे संपते. नोंदणीचे प्रमाणपत्र त्या ठिकाणी दर्शनी भागी लावले पाहिजे, आणि प्रवेशद्वाराच्या पाटीवर क्रमांक पाहिजे. वह्या नोंदणीच्या मुख्य ठिकाणी ठेवल्या पाहिजेत. त्या संगणकावर ठेवण्यास हरकत नाही, पण अधिकारी आला असता दाखविता आल्या पाहिजेत. अधिकारी जागा पाहण्यास येऊ शकतो, आणि सांगितलेल्या ठिकाणाहून काहीच व्यवसाय चालत नाही असे आढळल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. ज्यांनी कंपनी स्थापन केली आहे त्यांच्यावर कंपनी कायद्याचे बंधन निराळे. नोंदणीकृत कार्यालयात आलेला प्रत्येक कागद स्वीकारून त्याची पोच देण्याची सोय पाहिजे, आणि बाहेर नावाची पाटी पाहिजे, तीही त्या भागातील लोक वाचतात त्या लिपीत. ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या नियमानुसार कंपनी निबंधक स्थानिक दोन साक्षीदारांसमक्ष जागेची पाहणी करू शकतात व छायाचित्रही घेतात.

नोटिशीची बाब सर्वांत नाजूक. कर खात्याची नोटीस नोंदलेल्या पत्त्यावर टपालाने, ई-पत्राने किंवा खात्याच्या संकेतस्थळावर, यांपैकी एका मार्गाने आली तरी ती पोहोचली असे धरले जाते. धनादेश न वटल्याची नोटीस हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते. आता कार्यालयाच्या स्वागतिकेने लखोटा घेतला, सही केली, आणि दिवाळीच्या सुटीमुळे तो आठ दिवस टेबलावर राहिला, तर ते आठ दिवस कोणाचे गेले? ज्यांनी असे कार्यालय घेतले आहे त्यांनी टपाल आल्याच्या दिवशीच त्याचे छायाचित्र मोबाईलवर पाठवावे असे करारात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर राहू नये.

आणखी एक गोष्ट आमच्या ज्येष्ठ मंडळींना अपरिचित आहे. पत्ता देणारी कंपनीच बुडाली तर? रीजसच्या अमेरिकेतील शाखेस जानेवारी २००३ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण मागावे लागले होते. २०१० मध्ये न्यूयॉर्क येथे निघालेली आणि जगभर गाजलेली ‘वीवर्क’ कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच मार्गाने गेली. भारतातील त्या नावाचा कारभार निराळ्या मालकीचा असल्याने येथील मंडळींस त्याची झळ लागली नाही, इतकेच. कंपनीने जागा सोडली की तिच्या सर्व भाडेकरूंचा पत्ता एका दिवसात जातो. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत पत्त्याचा बदल पंधरा दिवसांच्या आत कळवावयाचा असतो, आणि छापील पावत्या, बँका, गिऱ्हाइके यांस कळविण्याचा खटाटोप तो वेगळाच. स्वतःच्या पेठेतला गाळा लहान असला तरी त्याची अशी पळापळ सहसा होत नाही.

इतके सांगितल्यावर कोणास वाटेल की आम्ही या नव्या सोयीच्या विरुद्ध आहोत. तसे मुळीच नाही. आमच्या एका आप्ताचा मुलगा मसाले व चटण्या बेळगावात बनवून संगणकावरच्या बाजारातून देशभर विकतो. त्या कंपन्यांची मोठी गोदामे भिवंडीस आहेत. तेथे माल साठवावयाचा म्हणजे महाराष्ट्राची नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी महाराष्ट्रातील पत्ता लागतो. त्याने पत्ता भाड्याने घेतला, भिवंडीचे गोदाम जादा ठिकाण म्हणून नोंदविले, आणि पाच वर्षांपूर्वी ज्यास शनिवारच्या बाजारापलीकडे गिऱ्हाईक नव्हते त्याचा माल आज गुवाहाटीस जातो. त्याने गाळा घेऊन, माणूस ठेवून, हे करावयाचे म्हटले असते तर पहिल्याच वर्षी भांडवल भाड्यात गेले असते. आपल्या समाजातील कित्येक सुना-मुली सनदी हिशेबनीस झाल्या आहेत. त्यांपैकी काहींस पुण्या-मुंबईची कामे बेळगावात बसून मिळतात. घराचा पत्ता अपरिचितांस देण्यापेक्षा त्यांनी असे कार्यालय घेतले तर त्यात शहाणपण आहे.

तथापि गरज नसताना पत्ता घेणारेही आढळतात, म्हणून एक खुलासा. आम्ही सीमेवरची माणसे. शिनोळी आली की महाराष्ट्र लागतो, चोर्ला घाट उतरला की गोवा. पुष्कळांचा असा समज आहे की त्या राज्यांत माल विकावयाचा तर तेथील नोंदणी हवीच. हे बरोबर नाही. बेळगावच्या वखारीतून थेट चंदगडच्या किंवा म्हापशाच्या दुकानदारास माल धाडला तर तो आंतरराज्य व्यवहार होतो आणि कर्नाटकची नोंदणी पुरते. त्या राज्यात माल साठवून तेथून विकणार असाल, तरच तेथील पत्त्याचा प्रश्न उत्पन्न होतो. केवळ पावतीवर पुण्याचा पत्ता शोभून दिसतो म्हणून दरवर्षी शुल्क भरणाऱ्यांस आम्ही काय सांगावे!

आमच्या धान्याच्या धंद्यास मात्र या सोयीचा उपयोग मर्यादितच राहील असे आम्हास वाटते. लिलाव संगणकावर आले. कर्नाटक सरकार आणि एन.सी.डी.ई.एक्स. स्पॉट एक्स्चेंज यांनी मिळून २०१४ मध्ये याकरिता संस्था काढली. बाजार आवारात गाडी शिरली की शेतकऱ्याच्या मालास लॉट क्रमांक पडतो आणि व्यापारी आपला भाव यंत्रावर भरतो. केंद्र सरकारचा ‘ई-नाम’ १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. भाव घरी बसूनही भरता येतो. पण ज्वारीच्या ढिगात हात घातल्यावाचून, दाणा दाताखाली फोडल्यावाचून तिच्यात ओल किती हे सांगणारा व्यापारी आम्ही अद्याप पाहिला नाही, आणि म्हणून बोली भरणारे बहुतेकजण सकाळी आवारात फेरी मारूनच भरतात. अन्नसुरक्षेचा परवाना जागेगणिक असतो. जेथे माल साठवितो तेथलाच लागतो. बँक मालावर कर्ज देते तेव्हा तिचा माणूस वखारीत येऊन पोती मोजतो. विमाही त्या वखारीचाच. पत्ता सातव्या मजल्यावर असो वा सतराव्या, पोते जमिनीवरच राहावयाचे.

आता ज्या कारणाने हा विषय आमच्या मनास लागला ते सांगतो. आमच्या बाजारातील एका स्नेह्यांस काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील पेढीकडून तांदळाची मागणी आली. पत्रव्यवहार चोख, पत्ता नामांकित रस्त्यावरचा, दूरध्वनीवर मुलगी अदबीने बोले. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे माल पोहोचण्यापूर्वीच खात्यात जमा झाले. तिसरी आणि चौथी गाडी पंधरा दिवसांच्या उधारीवर गेली. पंधरा दिवसांनंतर दूरध्वनी बंद. स्नेह्यांचे चिरंजीव तेथे गेले तेव्हा जागा खरोखरच होती, मुलगीही होती, आणि भिंतीवर पितळेच्या पाट्यांच्या रांगा होत्या. या पेढीची पाटी मात्र शुल्क थकल्याने आदल्या महिन्यात काढली होती. मुलीने पाणी दिले आणि नम्रपणे सांगितले की त्या गृहस्थांना तिने स्वतः कधीच पाहिलेले नाही. माल ज्या गोदामात उतरला ते गोदाम दुसऱ्याचेच निघाले. त्या दोन गाड्यांचे पैसे अद्याप यावयाचे आहेत, आणि स्नेह्यांनी त्या वर्षी धाकट्या मुलीचे लग्न पुढे ढकलले.

अशा पेढ्यांचा उपद्रव सरकारलाही कळला आहे. बनावट नोंदणी शोधण्यासाठी १६ मे ते १५ जुलै २०२३ आणि पुन्हा १६ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात देशभर मोहिमा झाल्या आणि अधिकारी पत्त्यापत्त्यावर गेले. यात प्रामाणिक व्यापाऱ्याचे नुकसान दुहेरी होते. ज्याच्याकडून माल घेतला त्याने कर सरकारात भरला नसेल, तर घेणाऱ्यास त्या कराची वजावट मिळत नाही. सुट्या धान्यास कर नसल्याने आम्हा धान्यवाल्यांस याची सवय नव्हती. परंतु १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातील धान्यास ५ टक्के कर लागू झाला, तेव्हापासून आम्हासही विक्रेत्याची चौकशी करणे प्राप्त झाले आहे.

चौकशी कठीण नाही. कराचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०, गुजरात २४, मध्यप्रदेश २३, तेलंगण ३६. पुढील दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. त्यातील चौथे अक्षर, म्हणजे एकूण क्रमांकातील सहावे, मालकाचा प्रकार सांगते. ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती, ‘एफ’ म्हणजे भागीदारी, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एच’ म्हणजे हिंदू एकत्र कुटुंब. पत्रावर ‘अमुक आणि कंपनी’ छापलेले आणि क्रमांकात ‘पी’ असेल तर एकट्याचीच पेढी आहे असे समजावे. त्यात गैर काही नाही, पण कळलेले बरे. खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की खरे नाव, नोंदणीची तारीख, मुख्य पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रे कोणत्या महिन्यापर्यंत भरली आहेत, हे विनामूल्य दिसते. सहा महिन्यांपूर्वी नोंदलेली पेढी तीस वर्षांच्या अनुभवाच्या गोष्टी सांगत असेल तर उधारी थांबवावी. ज्या मालास ई-वे बिल लागते त्यात माल कोठून निघाला तेही लिहिलेले असते. पावतीचा पत्ता आणि माल निघाल्याचा पत्ता निराळे असतील तर कारण विचारावे. समोरच्याने भाड्याचा पत्ता घेतला आहे एवढ्यावरून त्यास लबाड समजू नये. त्याची वखार कोठे, वही कोण लिहितो आणि देण्याघेण्याचे कोणाशी बोलावयाचे, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. प्रामाणिक माणूस त्यांची उत्तरे लगेच देतो.

राहिली गोष्ट आमच्या घरातली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा धान्य आवश्यक वस्तू असल्याने वखार चालू होती, पण गादीवर कोणी येईना. मागण्या मोबाईलवर, नमुन्याची छायाचित्रे मोबाईलवर, दलालही घरून बोले. त्या वर्षीच्या डिसेंबरपासून बँकेची आर.टी.जी.एस. रात्रंदिवस चालू झाली आणि धनादेश घेऊन धावण्याचेही कारण उरले नाही. दोन्ही मुलांचे म्हणणे पडले की पेठेतला गाळा भाड्याने द्यावा, वखार तेवढी ठेवावी, थोरल्याने पुण्याहून हिशेब पाहावा आणि पत्रावर पुण्याचा पत्ता छापावा. हिशेब मांडला तर त्यांचे बरोबर होते.

आम्ही पुष्कळ विचार केला. गाळ्याचे भाडे येईल, ते कोणास नको आहे? पण आम्ही स्वतः व्यापार शिकलो तो कोणी शिकविला म्हणून नव्हे. सोळाव्या वर्षी दिवाणजींच्या शेजारी कीर्द लिहावयास बसविले गेलो, आणि समोर चाललेले बोलणे कानावर पडत राहिले. उधारी मागण्यास आलेल्या माणसास वडील पाणी विचारीत की चहा, यावरून त्याची पत कळू लागली. दलाल भाव सांगताना जिने चढून दमलेला आहे की मुद्दाम धापा टाकतो आहे, हे कळू लागले. यांपैकी एकही गोष्ट त्यांनी समजावून सांगितली नाही, आणि त्यांस विचारली असती तर सांगताही आली नसती. पुण्यात एकटा बसून हिशेब पाहणारा थोरला आकडे आमच्याहून चांगले वाचतो. पण त्याचा मुलगा उद्या कोणाच्या शेजारी बसेल, या प्रश्नाला आमच्या मुलांपाशी उत्तर नव्हते, आणि खरे म्हणजे आमच्यापाशीही पुरते नाही.

शेवटी असे ठरले की पेठेतला गाळा भाड्याने द्यावा, आणि गादी, तक्के, वहीचे कपाट उचलून वखारीच्या दर्शनी खोलीत मांडावे. पत्ता तोच छापतो. थोरला पुण्याहूनच हिशेब पाहतो. पण रोज सकाळी साडेनऊ वाजता दिवाणजी वही उघडून बसतात आणि तो पलीकडून पडद्यावर, असे अर्धा तास चालते, आणि महिन्याचे पहिले चार दिवस तो येथे येऊन बसतो. नातू सुटीत आला की त्यास मुद्दाम त्या खोलीत खेळावयास सोडतो. पुण्याचा पत्ता घेतला नाही, कारण तेथे आमचा माल नाही. उद्या तेथे वखार केली तर अवश्य घेऊ.

या स्मरणिकेच्या अखेरीस सभासदांची यादी असते. तीत नाव, पेढी, पत्ता व दूरध्वनी एवढेच रकाने आहेत. पुढील वर्षापासून तीत वखारीचा पत्ता आणि व्यवहाराचा जबाब देणाऱ्या इसमाचे नाव असे दोन रकाने वाढवावेत, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे. ज्यांचा पत्ता भाड्याचा आहे त्यांनी तो तसा लिहिण्यास संकोच करू नये. रकान्यांचा कोरा तक्ता संघाच्या कार्यालयात ठेवला आहे. सभासदांनी तो वार्षिक सभेपूर्वी भरून चिटणिसांकडे द्यावा.